पोरीने एक्स्चेंज केलं आणि तुमचा पारा चढला

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई, मी डिचोलीचा, वय ४३, सरकारी कचेरीत नोकरी. लहानपणी आजोबांबरोबर देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळायचो, प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर, ते सगळं. मग सुटलं. आता परत नाद लागलाय, रेटिंग १५०३ आहे. तीन महिने रोज रात्री जेवण झालं की यूट्यूब लावून कारो-कान (काळ्याने खेळायची एक ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात) केलं, त्यातलं अ‍ॅडव्हान्स व्हेरिएशन, म्हणजे पांढरा प्यादं न मारता पुढे ढकलतो ते, तर पंधराव्या चालीपर्यंत तोंडपाठ. आणि मडगावच्या स्पर्धेत चौथ्या राऊंडला समोर कोण, तर दहा वर्षांची मुलगी, रेटिंग १४४७. तिने तिसऱ्याच चालीला प्यादं मारून टाकलं, एक्स्चेंज! माझं सगळं पाठांतर पाण्यात. ३१व्या चालीला घोड्याने शह देऊन हत्ती नेला, मी डाव सोडला. रेटिंगचे ११.६ पॉइंट गेले. वर ती पोर विचारते, अंकल सातव्या चालीला वजीर डी७ वर का नाही आणला? मी काही न बोलता उठून आलो. रिझल्ट ऑनलाइन लागतो त्यामुळे ऑफिसात सगळ्यांना कळलं, दोन दिवस चहाला तोच विषय. आता वाटतंय की कारो-कान सोडावं आणि लंडन ओपनिंग धरावं, नाहीतर काहीतरी असं आडवंतिडवं की समोरचाच गोंधळला पाहिजे. या वयात कुठली ओपनिंग धरू? स्कोअरशीटचा फोटो जोडलाय. (२४व्या चालीला तिने ड्रॉ विचारला होता, मी घेतला नाही, पण तो वेगळा विषय.)

उत्तर:

भाऊ, फोटो झूम करकरून बघितला, मग पट काढला आणि तुमचा डाव पहिल्या चालीपासून लावला. एक चांगली सवय आहे तुम्हाला, चालीच्या बाजूला बारीक अक्षरात घड्याळावरचा उरलेला वेळ लिहिता. ही सवय सोडू नका, कारण तुमचं घोडं कुठे पेंड खातंय ते मला चालींपेक्षा त्या बारीक आकड्यांतच दिसलं.

तिसरी चाल बघा (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे त्या रांगेतलं घर). पांढऱ्याचं ई४, तुमचं सी६, तिचं डी४, तुमचं डी५, आणि तिने ई४ च्या प्याद्याने डी५ वर मारलं. आता तुम्ही काय करणार? सी६ च्या प्याद्याने परत मारणार. वजिरानेही मारता येतं म्हणा, पण तसं कोण मारतं, प्यादं पुढे केलंय ते कशासाठी. म्हणजे विचार करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं आणि तुमचा वेळ गेलाय ११ मिनिटं. अकरा! एवढ्या वेळात माणूस पातळभाजी-पाव खाऊन, वर चहा पिऊन परत टेबलावर येतो. तुम्ही पटाकडे बघतच नव्हता हो, तुम्ही चिडला होतात. तीन महिने पाहुण्यांसाठी फराळ करून ठेवला आणि पाहुणे म्हणाले आमचं जेवण झालंय, तसं झालं तुमचं.

आणि हा राग मला चांगला माहितीय, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांत दर दुसऱ्याला असतो, लहान पोरांत अजिबात नसतो. मोठ्यांना वाटतं एक्स्चेंज म्हणजे पळपुटेपणा, समोरच्याला काही येत नाही म्हणून तो मारामारी करून मोकळा होतो. ते तसं नाहीये. १९७० साली बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध बाकी सगळं जग असा सामना झाला होता, त्यात अमेरिकेचा बॉबी फिशर दुसऱ्या बोर्डावर खेळला, समोर टायग्रान पेट्रोस्यान, म्हणजे आदल्याच वर्षापर्यंत जो वर्ल्ड चॅम्पियन होता आणि ज्याला हरवणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं, असा माणूस. पहिल्याच डावात पेट्रोस्यानने कारो-कान केलं आणि फिशरने काय केलं? तिसऱ्या चालीला मारलं, चौथ्याला उंट डी३ वर. तुमच्या त्या पोरीने केलं अगदी तेच. आणि फिशर जिंकला. तेव्हा पोरीने तुमचा अपमान केला हे डोक्यातून काढा, तिला कोणीतरी व्यवस्थित शिकवलंय एवढाच त्याचा अर्थ.

आता जरा पटाकडे बघू, कारण तुम्ही जे तीन महिन्यांत केलं नाहीत ते इथे दहा मिनिटांत होतं.

मारामारी झाल्यावर कुणाकडे काय राहिलं? तिच्याकडे ई-फाइलवर, म्हणजे ई च्या उभ्या रांगेत, प्यादं नाही, तुमच्याकडे सी-फाइलवर नाही. बस्स, सगळा डाव ह्या एका वाक्यातून निघतो. तिचा हत्ती ई-फाइलवर येणार, घोडा ई५ वर बसणार, उंट डी३ वरून तुमच्या राजाच्या बाजूला, एच७ कडे, डोळे लावून असणार, म्हणजे तिचं काम राजाच्या बाजूला. तुमचं काम उलट्या बाजूला. तिकडे तिची तीन प्यादी आहेत, ए, बी आणि सी३ वरचं, आणि तुमची दोनच, ए आणि बी. माणसाला वाटतं दोन विरुद्ध तीन म्हणजे आपण कमी पडलो, पण तिथेच गंमत आहे, तुम्ही बी-प्यादं बी५, बी४ असं नेऊन तिच्या सी३ वर घासायचं. मारामारी झाली की तिच्याकडे सी३ किंवा डी४ चं असं एक प्यादं उरतं ज्याला दुसरं कुठलंच प्यादं आधार देऊ शकत नाही, आणि तुमचा हत्ती सी-फाइलवर आधीच बसलेला असतो. ह्याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. एकदा समजलं की चाली पाठ कराव्या लागत नाहीत, हात आपोआप त्या बाजूला जातो.

मग सातवी चाल. तुमच्या डावात पाचवीला तिने सी३ केलं, तुम्ही घोडा एफ६, तिने उंट एफ४, तुम्ही उंट जी४, आणि तिने वजीर बी३. हेसुद्धा फिशरनेच खेळलेलं, एकेक चाल तीच. तुमचा पांढऱ्या घरांवरचा उंट जी४ ला निघून गेलाय, त्यामुळे बी७ च्या प्याद्याला कोणी वाली नाही आणि वजीर तेच बघतोय. इथे तुमची २७ मिनिटं गेली आणि एवढं करून तुम्ही केलंत काय, तर प्यादं बी६. भाऊ, ते बी७ चं प्यादं सी६ च्या घोड्याच्या पाठीशी उभं होतं, तुम्ही त्याला पुढे ढकललंत आणि पुढच्याच चालीला तिचा उंट बी५ वर आला, घोडा राजासमोर खिळला. पोरीने विचारलेला प्रश्न बरोबर होता. वजीर डी७ वर आला असता तर बी७ राखलं असतं, सी६ राखलं असतं, आणि पुढे ई६ करून काळ्या घरांवरचा उंट डी६ वर, तिच्या एफ४ च्या उंटासमोर आणता आला असता. (ह्या लायनीत पुढे कधीकधी ती बी७ चं प्यादं खाते, तेव्हा घाबरायचं नाही, हत्ती बी८ वर येतो आणि बी२ वर वसूल करतो.)

तुमच्या जागी मी असते तर ही वेळच येऊ दिली नसती म्हणा. पाचव्या चालीला घोडा एफ६ च्या ऐवजी वजीर सी७. झालं, तिचा उंट एफ४ वर यायचाच बंद, कारण वजीर त्या तिरप्या रेषेवर बसलाय. मग सावकाश उंट जी४, ई६, उंट डी६. यूट्यूबवर ह्याचा व्हिडिओ फार चालत नसावा, कारण ह्यात कोणी वजिराचा बळी देत नाही. पण त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑफिस करून, घरचा बाजार आणून, मग रात्री साडेनऊला पट लावणाऱ्या माणसाला हेच झेपतं.

आता गंमत ऐका. बी६ नंतर तुम्ही हत्ती सी८ वर आणून घोडा राखलात, थोडं कुंथत कुंथत खेळलात, पण सुटलात. सोळाव्या चालीला डाव साधारण सारखाच होता. म्हणजे ज्या ओपनिंगला तुम्ही शिव्या घालताय तिने तुम्हाला, तुम्ही चुकूनसुद्धा, सोळाव्या चालीपर्यंत धडधाकट आणून सोडलंय. अजून ओपनिंगकडून काय पाहिजे तुम्हाला, तिने डावही जिंकून द्यायचा?

माझं स्वतःचं सांगते म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. मी बारा वर्षांची होते, फोंड्याहून पणजी, पणजीहून म्हापसा अशी दोन बस बदलून बाबांबरोबर स्पर्धेला गेले होते. मीही तेव्हा कारो-कानवालीच, वहीत लाल पेनाने लिहिलेल्या लायनी, जाम ऐट. समोरच्या मुलाने तिसऱ्या चालीला घोडा सी३ केला, मी ई४ वर मारलं, त्याने घोड्याने परत मारलं, मी घोडा डी७. आता वहीत पुढे त्याचा दुसरा घोडा यायचा होता आणि त्याने आणला वजीर, ई२ वर. मला हसूच आलं. स्वतःच्याच उंटाची वाट अडवून बसलाय वजीर, ह्याला येतं की नाही काही! वहीत माझी पुढची चाल घोडा एफ६ होती, ती मी ऐटीत केली. त्याने ई४ वरचा घोडा उचलून डी६ वर ठेवला आणि हळूच म्हणाला, मात. मी म्हटलं कसली मात, ई७ च्या प्याद्याने घोडा खाते की, आणि हात लावायला गेले तेव्हा दिसलं की ते प्यादं हललं तर वजिराचा शह थेट राजाला बसतो. राजाला हलायला घरच नाही, सगळीकडे माझीच माणसं उभी. सहाव्या चालीला. बाबा माझ्यासाठी भजी आणायला गेले होते, ते परत आले तेव्हा मी दारात उभी होते आणि पुडी अजून गरम होती. त्यांनी विचारलं, डाव सुरू नाही झाला अजून? मी हो म्हटलं.

(नंतर कळलं की ही मात बरीच जुनी आहे, मोठमोठ्या माणसांनी देऊन झालीय. तेव्हा काय उपयोग.)

त्या वजीर ई२ ला मी हसले आणि तुम्ही पोरीच्या एक्स्चेंजवर चिडलात, दोन्ही एकच. समोरच्याने आपल्या वहीबाहेरची चाल केली की आपण त्याला मनात नावं ठेवतो, ती चाल काय म्हणतेय ते ऐकतच नाही. वजीर ई२ वर का आला असेल एवढं मी स्वतःला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात दिसलं असतं. आता मी पोरांना एकच सांगते, वहीबाहेरची चाल आली की दोन्ही हात मांडीखाली घ्या आणि मनात म्हणा, बोल बाबा, तुझं काय म्हणणं आहे. हात मांडीखाली घ्यायचं कारण साधं आहे, स्पर्धेत सोंगटीला हात लागला की तीच हलवावी लागते.

लंडनचं. एक तर लंडन पांढऱ्याने खेळायचं असतं आणि कारो-कान काळ्याने, तेव्हा एक सोडून दुसरं धरणं म्हणजे चप्पल सोडून टोपी घालण्यासारखं आहे, पण समजलं मला, तुम्हाला एकूणच असं काहीतरी हवंय की समोरचा काहीही करो, आपण आपल्या त्याच चाली करत राहायच्या. लंडनला तसं नाव आहे खरं. वाईट ओपनिंग अजिबात नाही, चीनच्या डिंग लिरेनने २०२३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सहावा डाव लंडननेच जिंकला. पण तुम्ही डी४, उंट एफ४ केलं आणि समोरच्या पोराने लगेच सी५ आणि मग वजीर बी६ करून बी२ वर बोट ठेवलं की? कारण तुमचा उंट बाहेर गेल्याने बी२ उघडं पडलेलं असतं, अगदी तुमचं बी७ पडलं तसंच! तिथे परत २७ मिनिटं. तुम्ही कारो-कानमधून पळून ज्या घरात जाताय तिथेही तीच सासू बसलेली आहे. आणि आडवंतिडवं खेळून समोरच्याला गोंधळवायचं म्हणाल तर दहा वर्षांचं पोर गोंधळत नाही हो, त्याला सगळंच नवीन असतं. गोंधळतो आपण.

बरं, आता ते कंसातलं वाक्य. तो वेगळा विषय म्हणालात. ताकाला जाऊन भांडं लपवलंय तुम्ही.

२४व्या चालीला डाव सारखा, तुमच्या घड्याळात ९ मिनिटं, तिचं घड्याळ फोटोत नाही पण तिने तुमच्यासारखी मिनिटं उधळली नसणार. नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद असा टाइम कंट्रोल होता ना, त्यातली ३८ मिनिटं तुमची दोन चालींत गेली होती, एक तर सरळसरळ परत मारायची चाल. अशा वेळी समोरचा माणूस चाल करून, ड्रॉ विचारून, नियमाप्रमाणे मग घड्याळ दाबतोय. समोर तुमच्याच वयाचा, मिशीवाला, १४४७ रेटिंगचा कोणी पेडण्याचा मास्तर बसलेला असता तर तुम्ही हात पुढे केला असता की नाही? खरं सांगा. तुम्ही पटावरच्या स्थितीला नाही म्हटलं नाहीत, दहा वर्षांच्या पोरीबरोबर ड्रॉ असं ऑफिसात कसं सांगायचं, त्याला नाही म्हटलंत. आणि मग पुढच्या सात चाली तुम्ही जिंकायलाच हवं म्हणून खेळलात, दोन मिनिटांवर आलात, आठव्या चालीपासून सी८ वर बसलेला हत्ती तसाच होता, राजा जी८ वर, आणि एफ५ चा घोडा ई७ वर आला. शह, आणि हत्ती गेला. हा फोर्क, म्हणजे एकाच सोंगटीचा एकदम दोघांवर हल्ला, तुम्हाला मी आत्ता पट लावून दाखवला तर दोन सेकंदांत दिसेल. कारो-कानचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

ड्रॉ घ्यायलाच पाहिजे होता असंही मी म्हणत नाही हां. वेळ असता, तुमच्याकडे बी-प्यादं पुढे न्यायचा प्लॅन असता, तर नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. मी स्वतः लवकर ड्रॉ करणाऱ्यांपैकी नाही. पण पट आणि घड्याळ बघून नाही म्हणायचं, समोरच्याचं वय बघून नाही.

मोठमोठ्यांचंही बहुतेक असंच ठरतं. डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला गुकेश आणि डिंगचा चौदावा, शेवटचा डाव, दोघांच्या टीमने महिनोन् महिने ओपनिंगची तयारी केलेली, आणि वर्ल्ड टायटल फिरलं ते ५५व्या चालीला, डिंगने हत्ती एफ२ वर नेला तिथे. डाव सगळा ड्रॉकडे चालला होता. आणि तोच गुकेश २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे हडफड्याला वर्ल्ड कपला आला, २०६ खेळाडू, नॉकआउट, तर तिसऱ्याच राऊंडला बाहेर. कप जिंकला कोण, उझबेकिस्तानचा सिंदारोव, वय १९. वर्ल्ड चॅम्पियनला जिथे लहान-मोठं चालत नाही तिथे डिचोलीच्या कचेरीतल्या मंडळींना काय वाटतं ह्याचा हिशोब कशाला.

तरी ऑफिसात परत विषय निघालाच तर त्यांना इव्हाना फुर्तादो सांगा. आपल्या गोव्याचीच मुलगी, २००६ आणि २००७, लागोपाठ दोन वर्षं आठ वर्षांखालच्या मुलींत वर्ल्ड चॅम्पियन. त्या वयात तिच्यासमोर बसून कोणकोण काका उठून गेले असतील देव जाणे. भक्ती कुलकर्णी सांगा, अर्जुन पुरस्कार मिळालेली. गोव्यात मुलीकडून हरणं ही बुद्धिबळातली जुनी आणि प्रतिष्ठेची परंपरा आहे, मीही त्याला थोडा हातभार लावलाय.

आणि त्या ११.६ चं गणित सांगते, कारण त्यातही तुमच्या प्रश्नाचा एक तुकडा आहे. तुमचे ११.६ गेले पण तिला २३.२ मिळाले. तुमचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलू शकतं तो आकडा) २०, तिचा ४०, अठरा वर्षांखालच्यांना २३०० रेटिंग होईपर्यंत ४०च असतो. म्हणजे पोरांचं रेटिंग दुप्पट वेगाने पळतं आणि तरीही बरेचदा त्यांच्या खऱ्या खेळाच्या मागेच असतं, कारण रेटिंग महिन्यातून एकदा लागतं आणि पोर रोज शिकतं. १४४७ लिहिलंय म्हणून १४४७ समजून बसायचं नाही. तुम्ही ५६ पॉइंटनी वर होता म्हणून जिंकायलाच हवं असं वाटलं ना? ५६ च्या फरकाला फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, तक्ता शंभरातले ५८ पॉइंट देतो, बस, तेवढीच ती तुमची आघाडी.

तर करायचं काय. कारो-कान ठेवा. पुढचा महिनाभर अ‍ॅडव्हान्सचा एकही व्हिडिओ बघायचा नाही, मोबाइलवर नाही तर लाकडी पटावर एक्स्चेंज लावायचं, पाचव्या चालीला वजीर सी७, आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचं, एकदा पांढऱ्याचा घोडा ई५ वर नेऊन राजावर जायचं, एकदा काळ्याचं बी-प्यादं बी४ पर्यंत न्यायचं. घरात कोणी खेळणारं असलं तर उत्तमच, त्याला पांढरे द्या आणि सांगा काहीही कर, पण तिसऱ्या चालीला मार. दहा डाव असे झाले की तुम्हाला एक्स्चेंजचा राग येणार नाही, उलट कोणी केलं की आत कुठेतरी बरं वाटेल. मग त्याच पद्धतीने घोडा सी३ वालं बघा, आणि तिथे वजीर ई२ आला तर माझी आठवण काढा. स्कोअरशीटवर वेळ लिहिताच, त्यात एवढंच वाढवा की दहाव्या चालीला सत्तरच्या वर मिनिटं दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर तुम्ही कुठेतरी चिडला आहात असं समजायचं, पाणी पिऊन यायचं, आणि मगच पुढची चाल. आणि राग येईल तेव्हा उठायचं खुशाल, पण फोन गाडीत नाहीतर बाहेर ठेवलेला असू दे, खिशात वाजला की डावच गेला, ते बघायला कोणी ओपनिंग विचारत नाही.

दुसऱ्या स्पर्धेत ती मुलगी परत भेटणार, गोवा केवढासा. भेटली की तिला शोधा, तिच्या आईला विचारा आणि दोघांनी दहा मिनिटं तो डाव लावा. तिने तुम्हाला हिणवायला विचारलं नव्हतं हो, त्या वयाची पोरं डाव संपला की खरंच जाणून घ्यायला विचारतात, तिला वाटलं अंकलना काहीतरी माहिती असेल म्हणून डी७ नाही केलं. तिला सांगा, मला सुचलंच नाही. आणि तुम्हीही तिला विचारा, बी६ नंतर उंट बी५ वर आणल्यावर तिच्या डोक्यात पुढे काय होतं, कारण मी दोन संध्याकाळी बघतेय, तिने तिथे जरा घाई केली असं माझं मत आहे, वजीर ए४ वर नेऊन तिला अजून छळता आलं असतं तुम्हाला.

एक राहिलं. तुमची १९वी चाल मला लागत नाहीये. त्यावर बहुतेक चहा सांडलाय, वजीर डी८ वर गेला की डी६ वर ते कळत नाही, तुमचा आठ आणि सहा एकसारखाच येतो. दोन्ही लावून बघितलं, दोन्हीकडून पुढचा डाव जमतो, पण डी६ असेल तर २४व्या चालीला तुमची स्थिती मी वर म्हटलं त्यापेक्षा थोडी बरी होती. मूळ कागद घरी असेल तर बघून कळवा.